पाय टेकतात का?

शोरूममधला सीन ठरलेला असतो. तुम्ही बुलेटवर बसता, मैत्रीण मोबाइलवर फोटो काढते आणि सेल्समन हळूच तुमच्या टाचांकडे बघतो. टाचा हवेत! मग तो अगदी प्रेमानं विचारतो, 'मॅडम, स्कूटर दाखवू का?' गिऱ्हाईक मुलगा असेल तर स्कूटरचं नाव निघत नाही, पण 'सर, यात एक छोटं मॉडेल पण आहे' हे वाक्यही काही कमी लागत नाही. मुलं घरी येऊन त्याबद्दल बोलत नाहीत, एवढाच फरक.

वाळूजमधून १९८५ पासून बजाजच्या गाड्या बाहेर पडतायत. अशा शहरात पाच फुटी माणसानं बाइकचं स्वप्न शोरूमच्या दारात सोडून यायचं? आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंचीच मुळी १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. आणि गाड्या बघा. पल्सर १५० ची सीट जमिनीपासून ७८५ मिमी, क्लासिक ३५० ची ८०५. जुलै २०२४ मध्ये आलेल्या बजाजच्या सीएनजीवाल्या फ्रीडमची तर ८२५, कारण सिलिंडरच सीटखाली झोपवलाय. बुटक्यांची लाडकी ॲव्हेंजर २२० मात्र ७३७ वरच. पण सगळ्यांनाच पाय पुढे पसरून चालवायची गाडी आवडते असं थोडंच आहे?

आता यातली गंमत ऐका. ब्रोशरमधला हा आकडा अर्धाच खरा असतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय खाली पोहोचायच्या आधी बाहेर जातात. त्यामुळे ८०५ ची निमुळती सीट ही ७९० च्या ऐसपैस सीटपेक्षा सोपी पडू शकते. दुसरी भानगड वजनाची. आपण बसलो की शॉकअप थोडे दबतात. ऐंशी किलोचा माणूस गाडी जितकी खाली बसवतो, तितकी पन्नास किलोची मुलगी बसवू शकत नाही. म्हणजे उंची सारखी असली तरी तिला गाडी जास्त उंच! डाएटवाल्यांनो, सॉरी.

म्हणून पहिला उपाय फुकटातला. ज्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला ॲडजस्टमेंट असते, त्यात स्प्रिंगचा ताण पायऱ्यापायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो. पल्सरच्या जोडशॉकअपना अशा पाच पायऱ्या आहेत. एकटेच फिरत असाल तर सगळ्यात मऊ पायरीवर आणा. गाडी तुमच्याखाली थोडी जास्त दबेल. डबलसीट जाताना मात्र ताण परत वाढवायचा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला गचका थेट मणक्यात.

दुसरा उपाय सीटचा, आणि माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. सीट कव्हरवाला रेक्झिन काढतो, फोम तासतो, पुन्हा कव्हर ओढून देतो. नव्या शॉकअपच्या मानानं खर्च किरकोळ. पण त्याला नुसतं 'सीट खाली करा' सांगितलंत की तो मधून खड्डा करून मोकळा होतो आणि तुम्ही खाली पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर बसता. वीस किलोमीटरनंतर कळतं काय झालंय ते. त्याला सांगायचं, पुढच्या नाकाकडच्या दोन्ही कडा आधी तास. पाय सरळ खाली जायला लागले की वरून वीसेक मिमी काढलं तरी पुरतं. थोडं कापा, बसून बघा, मग आणखी कापा. कापलेला फोम परत उगवत नाही. आणि जास्त कापला तर गुडघे इतके दुमडतात की लाँग राइडला पाय आखडतात, हे वेगळंच. काही गाड्यांना तर कंपनीच कमी उंचीची सीट देते. नव्या हिमालयन ४५० ची मूळ सीट ८२५ किंवा ८४५ वर लावता येते, कंपनीची लो सीट घेतली तर ८०५ वर येते. अशी सीट मिळत असेल तर कात्री लावूच नका.

तिसरा उपाय म्हणजे सस्पेन्शनच खाली घेणं. इथे मात्र जपून. हिमालयनसारख्या लिंकेजवाल्या गाडीत लिंक बदलून मागची बाजू खाली येते. मित्राचा मित्र अर्ध्या तासात करूनही देतो. पण फक्त मागचं खाली केलं की पुढचं नाक वर जातं, हँडल जड आणि आळशी होतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. पुढचे फोर्कही त्या प्रमाणात वर सरकवून बसवावे लागतात. चेनचा ताण पुन्हा बघायचा, टायर मडगार्डला लागतो का तेही बघायचं. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट साइड स्टँड! गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, की गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये उजवीकडच्या गाडीवर कोसळते. चेसिस कापून वेल्डिंग करणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. आरसीमधल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय.

पण मुळात दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात, हे कुणी ठरवलं? मोटोजीपीमध्ये रेसेस जिंकणारा दानी पेद्रोसा जेमतेम १६० सेंटिमीटरचा. पुण्यात २०११ साली 'बाइकर्नी' हा बाइकवाल्या बायकांचा ग्रुप सुरू झाला, तिथेही सगळ्या काही सहा फुटी नव्हत्या. फंडा सोपा आहे. थांबताना कंबर जरा डावीकडे सरकवायची, डावा चवडा खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. जाड सोलचे बूट घातले तर तेवढी उंची आयती मिळते.

खरी परीक्षा जालना रोडच्या सिग्नलवर नाही, रविवारी दौलताबादला होते. किल्ल्याजवळच्या त्या अरुंद दरवाजात वेरूळची गर्दी तुंबते, पुढे बस, मागे कार, आणि वर चढ. दोन्ही पाय खाली टाकले की गाडी मागे घसरते, कारण हँडलच्या ब्रेकवर हात धरून क्लच-रेस सांभाळणं नवख्याला जमत नाही. तिथे उजवा पाय ब्रेकवरच हवा. शिवाय थांबण्याआधी पाय कुठे पडणार ते बघा. डांबराच्या कडेला रस्ता खाली उतरलेला असतो. जिथे चवडा हमखास टेकला असता तिथे दोन इंच खोल हवा लागते आणि १९५ किलोची क्लासिक तुमच्यासकट आडवी. ही प्रॅक्टिस रविवारी सकाळी रिकाम्या ग्राउंडवर, कुणी तरी सोबत उभं असताना करा. घाटात पहिल्यांदा नको.

आणि हो, कापायला मूळ सीट देऊ नका. दुसरी विकत घ्या, ती कापा, मूळची माळ्यावर टाका. उद्या गाडी विकायला काढलीत आणि बघायला येणारा सहा फुटी निघाला, तर काय करणार?