पारखीचं थोतांड

आंबा कापला आणि आत कोयीपाशी पांढुरका, चिवट गोळा निघाला की घरात पहिला सवाल होतो तो आंबा आणणाऱ्याला. ‘कोणी आणला हा? बघून नाही का घ्यायचा?’ मग कुणीतरी काका सरसावून बसतात. देठाशी नाक कसं न्यावं, कलिंगड कानाशी धरून कसं वाजवावं, पपई कुठे दाबावी, याचा वर्ग भरतो. आणणाऱ्याने मान खाली घालून ऐकायचं. तोडणारा सुटला, विकणारा सुटला, सगळा दोष गिऱ्हाइकाच्या पारखीचा! पिढ्यानपिढ्या घरोघर चालत आलेला हा निवाडा मला मान्य नाही.

त्या पांढुरक्या गोळ्यापासूनच सुरुवात करू. त्याला कोकणात साका म्हणतात. हापूसची ही जुनी खोड आहे. १९३०च्या दशकापासून शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांत तिची नोंद सापडते. साका धरलेलं फळ हातात घेऊन बघावं. साल केशरी, वास घमघमीत, बोटाला हवा तेवढा मऊपणा, कुठे डाग नाही. सुरी आत गेली की कळतं: गराचा एक तुकडा फिकट, आंबटसर, मधेमधे हवेच्या पोकळ्या. झाडाच्या मालकालाही तो बाहेरून ओळखता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात काढली, पुढे ‘सिंधू’ काढली, त्यामागे साक्यापासून सुटका हा एक मोठा हेतू होता. फळ निवडून भागत नव्हतं म्हणून तज्ज्ञांना झाडच बदलावं लागलं. क्ष-किरणांखाली साका दिसतो, हेही संशोधकांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा काकांनी पुढच्या वेळी मंडईत जाताना ते यंत्र बरोबर न्यावं.

‘साका सोडा हो, पण आंबट आंबा तरी ओळखता येतो की नाही?’ येतो, पण कुठे, ते बघायला हवं. फळांच्या दोन जाती आहेत. आंबा, केळी, चिकू, पपई, पेरू, सीताफळ ही झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, लिची, कलिंगड ही तोडली की तिथेच थांबतात; घरी आणून तांदळात ठेवा नाहीतर देवघरात, त्यांच्यात साखरेचा एक कणही वाढत नाही. आता पहिल्या जातीची गोम अशी की उतरवताना फळ जेवढं भरलेलं असेल तेवढंच ते पुढे गोड होतं. आंब्यात आधी पिष्ट साठतं आणि पिकताना त्याची साखर होते. पिष्ट साठायच्या आत फळ उतरवलं, तर ते पिवळं होईल, मऊ होईल, थोडा वासही देईल, गोड मात्र होणार नाही. जे आत आलंच नाही ते आढीत कुठून येणार?

कोकणातला बागायतदार फळ उतरवताना म्हणतो, ‘चौदा आणे झालं पाहिजे.’ रुपयाचे सोळा आणे होते तेव्हाचा हा हिशेब अजून बागेत चालतो. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले, देठ किंचित खळीत गेलेला, सालीवर पांढरट लव, पाण्यात टाकलं तर फळ तळाशी जातं. ही खरी पारख, आणि ती हिरव्या फळाची आहे. माणूस झेल्याची काठी घेऊन झाडाखाली उभा असतो तेव्हा ती चालते. तेच फळ आठवड्याभराने पुण्या-मुंबईच्या दुकानात कागदाच्या कात्रणात बसून पिवळंधमक झालं, की यातल्या निम्म्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात आणि उरलेल्या पेटीच्या वरच्या थराखाली झाकलेल्या असतात. निकाल झाडाखाली लागून गेला. गिऱ्हाइकाला बोलावलं जातं ते निकालपत्रावर सही करायला.

मग फळ कोवळं का उतरवतात? बागायतदाराला कळत नाही म्हणून? त्याच्याएवढं कुणालाच कळत नाही. पण वाशीच्या बाजारात मुहूर्ताची पेटी आली की तिचा भाव वर्तमानपत्रात फोटोसकट छापून येतो, आणि मे महिना अर्धा सरेपर्यंत तोच भाव घसरत जातो. औषधांचा, राखणीचा, मजुरीचा खर्च अंगावर असलेला माणूस फळ आणखी दहा दिवस झाडावर ठेवून काय मिळवणार? वर अवकाळीची टांगती तलवार. गुढीपाडव्याला आमरस पाहिजेच, हा हट्ट आपला, आणि तो पुरवणाऱ्याला जादा पैसे देणारेही आपणच. अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, असा दंडक कितीतरी घरांत होता. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याने पाळावी. तारीख मात्र हंगामाच्या हिशेबाने चोख होती.

पारखवाल्यांइतकाच दुसरा एक पंथ जोरात आहे, तो ‘सगळं केमिकल’वाल्यांचा. फळ बेचव निघालं की यांचा निदानाचा कागद तयार: कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दमटपणा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, आणि बाजारात मिळणाऱ्या औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत ही बंदी स्पष्ट लिहिली आहे. पेटीत पुड्या टाकणाऱ्यांना पकडलंच पाहिजे. पण त्या नावाखाली हे लोक इथिलीनलाही झोडपतात, ते अडाणीपणाचं आहे. इथिलीन हा फळ स्वतःच सोडतं तो वायू. आजीच्या आढीत, पेंढ्याच्या उबेत कोंडून राहायचा तोही हाच. पिकवण्याच्या खोलीत तो दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत सोडायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये परवानगी दिली आहे. जळगावचं केळं तर नेहमी हिरवंच कापतात आणि मग खोलीत पिकवतात. झाडावर पिकू दिलं तर ते तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही.

‘पाण्यात तरंगला तर कार्बाइडचा, बुडाला तर नैसर्गिक’ ही दर एप्रिलमध्ये मोबाइलवर उगवणारी कसोटी तर निव्वळ फसवी आहे. पाण्याला रसायन कळत नाही, फळ किती भरलंय एवढंच कळतं. चौदा आण्यांचा आंबा कार्बाइडने पिकवला तरी बुडेल आणि कोवळा आंबा पेंढ्यात घालून त्याची पूजा केली तरी तरंगेल. कलिंगडाला सुईने लाल रंग टोचतात म्हणणाऱ्यांनी एकदा घरच्या कलिंगडाला सुई टोचून उन्हात ठेवून बघावं. रंग सगळीकडे सारखा पसरत नाही आणि भोकापाशी फळ आंबायला लागतं. या भयकथांनी नुकसान असं होतं की चोर एका दाराने निघून जातो आणि आपण दुसऱ्याच दाराशी काठी घेऊन उभे राहतो. ‘आमचा आंबा गवतात पिकवलेला’ अशी पाटी दिसली की आपण निर्धास्त. आंबा कशात पिकवला ते पाटीवर असतं, किती आण्यांना उतरवला ते नसतं.

तिसरा पक्ष विकणाऱ्यांचा. त्यांचं पालुपद ठरलेलं: ‘ताई, देवाची करणी आहे, आत शिरून कोण बघणार?’ साक्यापुरतं हे मी मान्य करते. पण हेच उत्तर आंबट द्राक्षांना देतात तेव्हा मला हसू येतं. नाशिक-सांगलीच्या बागेत द्राक्ष काढणीला आलं की शेतकऱ्यांत एकच चौकशी असते, ‘शुगर किती आली?’ खिशात मावणारं रिफ्रॅक्टोमीटर असतं. वेगवेगळ्या वेलींवरचे, घडाच्या टोकाचे मणी चुरडून त्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा; निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ज्या आकड्यावर येते ती त्या बागेची साखर. म्हणजे गोडीचा आकडा बागेत माहीत असतो. व्यापाऱ्याला तो माहीत असतो, सौदा करताना त्यावर घासाघीस होते. शहरातल्या दुकानापर्यंत घड पोचतो आणि आकडा मात्र वाटेत कुठेतरी उतरून जातो. ही कसली देवाची करणी?

याच द्राक्षांची आणि याच आंब्यांची दुसरी गोष्ट पाहा. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडले आणि माल अडकला. बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं, ते झालं; पण त्यानंतर त्या संजीवकाची तपासणी निर्यातीच्या वाटेवर आली. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा बंद केला, आपल्याकडे तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर २०१५ च्या जानेवारीत बंदी उठवायचं ठरलं. त्या वेळी लंडनच्या गिऱ्हाइकाला ‘जरा पारखून घ्या की’ असं कुणी ऐकवलं नाही. माल परत आला की त्याची कळ थेट वेलीपर्यंत, झाडापर्यंत पोचते. आपण मात्र वाईट फळ मुकाट्याने कचऱ्याच्या डब्यात टाकतो, किंवा साखर घालून त्याचं शिकरण-मिल्कशेक करतो आणि वर स्वतःलाच बोल लावतो. मग कळ कुणाला लागणार?

पारख अजिबात करू नये, असं माझं म्हणणं नाही. चिकूच्या सालीला नखाने हलकं खरवडून बघावं. खाली हिरवं आणि चिकाळ दिसलं तर तो ठेवून द्यावा. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला भाग पिवळसर आहे की पांढरा, ते बघावं. डाळिंब आकाराच्या मानाने जड लागावं. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या रेघा फिकट झालेल्या असाव्यात. हे मीही करते, आणि तरीही कधी फसगत होते, कारण एवढ्याने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. आंबा दाबून बघणं मात्र सोडा. अंगठ्याने दाबलेलं फळ तुम्ही खाली ठेवता, आणि दुसऱ्या दिवशी तो काळा ठिपका दुसऱ्याच्या ताटात जातो. फळांवरच्या चकचकीत स्टिकरांवरही विसंबू नका; त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘ओके’ आणि ‘बेस्ट’ यापलीकडे काही लिहिलेलं नसतं.

आता मागायचं काय, ते सांगते. दोन गोष्टी विचारायच्या: फळ कुठलं आणि उतरवलं कधी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकी आंबा देवगडच्या पुठ्ठ्यात बसून येतच राहिला. कर्नाटकी आंबा वाईट असतो असं नाही. त्याने स्वतःच्या नावाने यावं, एवढंच. देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले, हे चांगलं पाऊल. पण त्यानेही फळाचं गाव कळतं, तोडणीचा दिवस कळत नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पावाच्या पुड्यावर असते. हजार रुपयांच्या पेटीवर तोडणीची तारीख छापायला कुणाचा हात दुखतो?

आणि वाईट निघालं तर परत करायचं. इथे लगेच आक्षेप येतो, ‘म्हणजे हातगाडीवाल्या गरिबाच्या पोटावर पाय?’ माझा अनुभव नेमका उलटा आहे. कोपऱ्यावरची फळवाली दोन आंबे खराब निघाले म्हटल्यावर एक शब्द न बोलता दोन काढून देते. कलिंगडाचा त्रिकोणी काप काढून आधी लाल दाखवते, मग पैसे घेते. तिला मी उद्याही यायला हवी आहे. मोबाइलवरून फळं पाठवणाऱ्या कंपन्या फोटो पाठवला की पैसे परत करतात खऱ्या, पण तुमची तक्रार तोडणाऱ्यापर्यंत जाते की हिशेबाच्या वहीत जिरते, हे कोण सांगणार? अडून बसतं ते मधलं, वातानुकूलित, गल्ल्यामागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावलेलं दुकान.

त्या पाटीला फार भाव देऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत. ‘हे तर शेतातलं, याला कसला कायदा’ ही पळवाटही नाही, कारण कायद्याच्या लेखी मालात अन्न येतं आणि शेतकऱ्याच्या हातून निघून व्यापाऱ्याच्या हाती आलेलं फळ हे अन्न आहे. दोष कशाला म्हणायचं, याची व्याख्याही कामाची आहे. विकणाऱ्याने स्वतः जो दावा केला त्यात माल कमी पडला, तर तोही दोषच. नुसत्या ‘गोड नाही हो’ या तक्रारीला दुकानदार उडवून लावेल. स्वतःच्या अक्षरातला दावा उडवणं त्याला जड जातं.

म्हणून पेटी उचलायच्या आधी बिल मागायचं आणि त्यावर ‘देवगड हापूस’ असं जागेचं नाव आणि तोडणीची तारीख लिहून घ्यायची. लिहिताना त्याची पेन्सिल अडली, तर पेटी तिथेच ठेवून कोपऱ्यावरच्या फळवालीकडे जावं.