गावच्या इर्षेची बाजू

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांच्या राजकारणाविषयी सुशिक्षितांत एक मत पक्कं झालं आहे. गावचा मतदार गटाला बांधलेला, नेता सांगेल ते बटण दाबणारा, पाकीट आणि जेवणावळीवर फिरणारा. इर्षेपायी घरं फुटतात, भाऊ भावाच्या दारात जात नाही. म्हणून गाव वाचवायचं तर निवडणूक बिनविरोध करा, असं सांगितलं जातं. हे निदान चूक आहे आणि उपाय त्याहून घातक आहे.

बिद्रीचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या निवडणुकीत के. पी. पाटील यांच्या पॅनेलला सभासदांनी २५ पैकी २५ जागा दिल्या. आमदार प्रकाश आबिटकर विरोधी आघाडीत होते. वर्षही उलटलं नाही तोच विधानसभा लागली आणि राधानगरी मतदारसंघात आबिटकरांनी के. पींचा पराभव केला. कारखान्याचं कार्यक्षेत्र आणि हा मतदारसंघ तंतोतंत एक नाहीत, पण राधानगरी-भुदरगडची बरीच गावं दोन्हीकडे आहेत. कारखाना कोणी चालवावा आणि मुंबईत कोणी बसावं, हे दोन प्रश्न या माणसांनी वेगळे ठेवले. बांधलेला मतदार असं करत नाही.

लोकसभेतही तेच. २००९ मध्ये राष्ट्रवादीने उमेदवारी नाकारलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि खासदार झाले. २०१४ मध्ये राज्यभर मोदी लाट असताना कोल्हापूरने राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक निवडले. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या विधानसभेच्या दहापैकी सहा जागा शिवसेनेला दिल्या. २०२४ च्या जूनमध्ये काँग्रेसचे शाहू छत्रपती मोठ्या फरकाने जिंकले आणि नोव्हेंबरात दहाच्या दहा जागा महायुती व तिच्या सोबत्यांकडे गेल्या. या निकालांतला प्रत्येक मला पटतो असं नाही. पण ‘नेता सांगेल तिकडे’ या सूत्राने यातला एकही उलटफेर समजत नाही.

पैसा वाटला जातो, हे खरं आहे आणि ते लाजिरवाणं आहे. मात्र दोन्हीकडून पाकीट येतं तेव्हा निकाल पाकीट ठरवत नाही. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात ऊसदराच्या आंदोलनातून राजू शेट्टी उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्यांनी ‘एक नोट, एक वोट’ म्हणत उमेदवाराला पदरचे पैसे दिले. २००९ मध्ये त्यांनी शेट्टींना हातकणंगलेतून लोकसभेत पाठवलं. २०१९ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना हरवलं आणि २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर टाकलं. नोट देणाऱ्यानेही आपलं मत कायमचं गहाण ठेवलं नव्हतं.

मत खरोखर कुठे विकलं जातं? जिथे मतदार मोजके असतात तिथे. ‘गोकुळ’ दूध संघात गावोगावच्या लाखो उत्पादकांचं दूध जातं, पण संचालक निवडतात ते गावच्या दूध संस्थांचे ठरावधारक, एका संस्थेचा एक. २०२१ मध्ये त्यांनी सतेज पाटील-हसन मुश्रीफ यांच्या आघाडीला २१ पैकी १७ जागा देऊन जुनी सत्ता उलथवली. बदल मोठा होता, पण धार काढणाऱ्या बाईला त्यात मत नव्हतं. ठरावधारकांना मतदानाआधी सहलीला नेऊन ठेवता येतं. लाखो उत्पादकांना कोण कुठे नेणार? यादी जितकी आखूड तितका सौदा सोपा.

आणि सगळ्यात आखूड यादी बिनविरोधाची. देवळात चार कारभारी बसतात, नावं ठरतात, उरलेल्यांनी माघार घ्यायची. एकोपा म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यात दलित वस्तीतल्या किंवा नवख्या उमेदवाराचा फॉर्म सर्वांत आधी मागे जातो. याचं टोकही राज्याने पाहिलं आहे: नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचे लिलाव झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला त्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या.

गटबाजीने त्रास होतो. विरोधी गटाच्या माणसाची ऊसतोड लांबवली जाते, सोसायटीचं कर्ज अडवलं जातं, हा उघड अन्याय आहे. त्याचा इलाज नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड आणि तिची यादी चावडीवर, हा आहे. पण नळपाणी योजनेचा हिशेब ग्रामसभेत मागतो तो दुसऱ्या गटाचाच माणूस. दूध संस्थेचा काटा आणि फॅट मशीन तपासा म्हणून उठतो तोही तोच. कागलात मंडलिक, मुश्रीफ आणि घाटगे गट वर्षानुवर्षं एकमेकांवर डोळा ठेवून राहिले. एकाने पांघरूण घातलं की दुसरा ते ओढायचा. २०२४ च्या विधानसभेला करवीरमध्ये सुमारे ८५ टक्के मतदान झालं आणि निकाल दोन हजारांहून कमी मतांनी लागला. ही इर्षा आहे, आणि तिने माणसं मतदान केंद्रापर्यंत आणली आहेत.

तेव्हा गाव सुधारू पाहणाऱ्यांनी लढत बंद करण्याच्या खटपटीत पडू नये. गोठ्यात राबणाऱ्या बाईचं नाव संस्थेच्या सभासद वहीत लावा, सात-बाऱ्यावर पत्नीचं नाव चढवा म्हणजे कारखान्याचं सभासदत्व तिला मागता येईल, दूध संघाच्या निवडणुकीत उत्पादकाला थेट मत मिळावं म्हणून वार्षिक सभेत ठराव मांडा. आणि पुढच्या ग्रामपंचायतीला कोणी माघार घ्या म्हणून दारात आलं, तर फॉर्म काढू नका.