डॉक्टरांनी पीएच.डी. का करावी?

काही महिन्यांपूर्वी एका स्नेही डॉक्टरांनी मला घरी बोलावले. त्यांची कन्या एम.बी.बी.एस. झाली असून, एम.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा नाद सोडून मेंदूविज्ञानात पीएच.डी. करण्याचा तिचा मानस होता. "तुम्ही तिला समजवा. डॉक्टर होऊन पुन्हा पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत कशाला?" मी समजावण्यासाठीच गेलो होतो. तिने मला एकच विचारले, "काका, एखादे मूल बोलत का नाही, हे तुम्हाला नेमके सांगता येते?"

त्या प्रश्नाने मला एक जुने मूल आठवले. पार्से येथे व्यवसाय सुरू केल्यानंतरच्या काळात एक माता अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "दोतोर, भुरगो उलयना." वजन, उंची, कान सारे ठीक. मुलगे उशिरा बोलतात, असा धीर देऊन मी तिला परत पाठविले. पाचव्या वर्षी त्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. मातेने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु हातची अडीच वर्षे गेली ती माझ्या त्या धीरामुळेच.

असे मूल विरळा नव्हे. देशातील पाच ठिकाणी झालेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्या पाचांत आपला उत्तर गोवाही होता. मेंदूच्या विकासाशी निगडित दोषांचे प्रमाण दोन ते सहा वर्षांखालील मुलांत ९.२ टक्के, तर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत १३.६ टक्के आढळले. श्रवणदोष, अपस्मार, वाचादोष, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता हे सारे त्यात आले.

या मुलांचा उलगडा एकट्या वैद्यकशास्त्राने होणार नाही. आपल्या पेडण्यातील मूल घरी कोकणी बोलते, भजनात मराठी ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलांसाठी बेतलेली चाचणी त्याला कशी लावावी? येथे बालरोगतज्ज्ञाच्या शेजारी भाषाशास्त्रज्ञ हवा, जनुकांचा अभ्यासक हवा आणि मेंदूच्या प्रतिमांचे गणित मांडणारा अभियंताही हवा. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र पीएच.डी.साठी एम.बी.बी.एस. पदवीधरांबरोबर अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश देते, ते याचसाठी.

अशा संशोधनाचा लाभ दारापर्यंत पोहोचतो, याचा दाखलाही गोव्यातच आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकविली आणि त्या संवादात सुधारणा दिसली.

या मार्गाची किंमत मी त्या मुलीपासून लपविली नाही. सोबतचे डॉक्टर दवाखाने थाटतील, तेव्हा ती विद्यावेतनावर असेल. पुढील नोकरीची शाश्वती नाही, आणि रुग्ण तपासणारा हात सवयीवाचून बुजतो. म्हणून दोन गोष्टी सुचविल्या. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पारखून घे, शक्यतो दोन विद्याशाखांतील दोन. आणि आठवड्यातील एक दिवस तरी रुग्णांत बैस. प्रश्न तेथेच सापडतो.

आपल्या संघटनेनेही यात वाटा उचलावा. बोलण्यास विलंब होणाऱ्या मुलांची नोंद पालकांच्या संमतीने प्रत्येकाने एकाच पद्धतीने ठेवली, तर उद्याच्या संशोधकास ती शिदोरी होईल. त्यास पैसा लागत नाही, शिस्त लागते.

मी घरी परतलो, तेव्हा स्नेही थोडे नाराज होते. त्यांचा रोष मला मान्य आहे. पुन्हा एखाद्या मातेला केवळ धीर देऊन परत पाठविणे मात्र मला मान्य नाही.