थांबणाऱ्याच्या पदरात काय पडते? जर्मन बास्केटबॉलपटू आणि अठराव्या वर्षीचा निर्णय

सप्टेंबर 2023 मध्ये मनिला येथे सर्बियाला 83-77 असे नमवून जर्मनीने बास्केटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला. दोन वर्षांनी रिगा येथे तुर्कस्तानचा 88-83 असा पराभव करून युरोपीय अजिंक्यपदही या संघाने मिळवले. फुटबॉलवेड्या देशात हे यश मोठेच. त्यातील दोन आधारस्तंभांकडे पाहिले, तर मात्र एक कोडे समोर येते. दोन्ही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या डेनिस श्रोडरने महाविद्यालयाची पायरी चढलीच नाही. ब्राउनश्वाइगच्या संघातून तो 2013 मध्ये, विशीच्या आत, थेट एनबीएत गेला. फ्रान्झ वाग्नर मात्र 2019 मध्ये अल्बा बर्लिनचा व्यावसायिक करार बाजूला ठेवून मिशिगन विद्यापीठात दाखल झाला आणि दोन वर्षे तेथे खेळल्यावरच 2021 च्या निवडीत आठव्या क्रमांकावर घेतला गेला. एक थांबला, दुसरा थांबला नाही. दोघेही शिखरावर पोहोचले. मग तरुण खेळाडूने व्यावसायिक होण्याची घाई करावी की थोडे थांबावे?

हा प्रश्न आजवर अमेरिकेचा मानला जाई. तेथे शाळा आणि विद्यापीठ हेच खेळाचे घर. 2005 च्या करारानंतर एनबीएने किमान वय 19 ठरवले आणि अमेरिकी खेळाडूने शाळा संपल्यावर निदान एक वर्ष काढले पाहिजे, अशी अट घातली. त्यातून ‘एक वर्ष महाविद्यालय, मग व्यवसाय’ ही रीत रूढ झाली. जर्मनीची घडी वेगळी आहे. येथे खेळ ‘फेराइन’मध्ये, म्हणजे गावोगावच्या क्लबांत वाढतो आणि विद्यापीठाचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो. गुणी मुलगा सतरा-अठराव्या वर्षी क्लबच्या मुख्य संघाबरोबर सराव करू लागतो. त्यामुळे जर्मन तरुण अमेरिकेतील महाविद्यालयाकडे वळतो, तेव्हा तो बहुधा दारापर्यंत आलेला व्यवसाय पुढे ढकलत असतो.

असे वळणारे आता थोडे राहिलेले नाहीत. 2025 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषकात जर्मनीने रौप्यपदक मिळवले. त्या संघातील हानेस स्टाइनबाख व्युर्झबुर्ग सोडून वॉशिंग्टन विद्यापीठात गेला, एरिक राइबे कनेटिकटला. ख्रिश्चन अँडरसन आधीपासूनच टेक्सास टेकमध्ये होता. त्याच वर्षी बायर्न म्युनिकचा इव्हान खार्चेन्कोव्ह अ‍ॅरिझोनाला आणि फेख्टाचा योहान ग्र्यूनलो व्हर्जिनियाला गेला.

थांबण्याच्या बाजूचा सर्वांत स्वच्छ दाखला फ्रान्झच्या थोरल्या भावाचा आहे. मॉरिट्झ वाग्नरने मिशिगनमधील दुसऱ्या वर्षानंतर, 2017 मध्ये, एनबीएच्या निवडीसाठी नाव दिले. पण एजंट न नेमता. त्यामुळे परतीची वाट मोकळी राहिली. क्लबांकडून अंदाज घेऊन त्याने मुदतीपूर्वी नाव मागे घेतले आणि तिसरे वर्ष खेळला. त्या वर्षी मिशिगन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि 2018 मध्ये तो पंचविसाव्या क्रमांकावर, पहिल्या फेरीत, निवडला गेला. पहिल्या फेरीला महत्त्व अशासाठी की तेथे निवडलेल्या खेळाडूच्या करारातील पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नियमाने मिळत नाही. मॉरिट्झचे एक वर्ष असे फळाला आले.

दुसऱ्या फेरीतील वाट किती खडतर असते, हे आयझाया हार्टेनश्टाइनला विचारावे. क्वाकेनब्र्युक आणि लिथुआनियाचा झालगिरिस या क्लबांतून आलेला हा उंच खेळाडू 2017 मध्ये 43 वा निवडला गेला. त्यानंतर दुय्यम लीग आणि पाच संघांची भटकंती त्याच्या वाट्याला आली. 2024 मध्ये ओक्लाहोमा सिटीशी तीन वर्षांचा 8.7 कोटी डॉलरचा करार झाला आणि 2025 मध्ये विजेतेपदही लाभले. त्याची चिकाटी असामान्य होती. पण असामान्य चिकाटीवर धोरण बेतता येत नाही. आपल्याला जवळचे उदाहरण सतनामसिंग भमराचे. पंजाबातील हा मुलगा फ्लोरिडातील अकादमीतून, महाविद्यालय न पाहता, 2015 मध्ये डॅलसकडून 52 वा निवडला गेला. भारतात जन्मलेला तो पहिला निवडलेला खेळाडू. एनबीएच्या नियमित हंगामातील एकही सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही.

घाईच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही, आणि तो हिशेबाचा आहे. एनबीएत पहिल्या कराराचे वेतन ठरीव तक्त्यानुसार असते. खरा मोबदला दुसऱ्या करारात मिळतो. फ्रान्झ वाग्नरने 2024 मध्ये पाच वर्षांसाठी 22.4 कोटी डॉलरचा करार केला, तो लीगमध्ये तीन हंगाम काढल्यावर. महाविद्यालयात आणखी दोन वर्षे राहिला असता, तर हा दिवसही तितकाच लांबला असता. खेळाडूचे शरीर काही त्याच्यासाठी थांबत नाही. शिवाय दुखापत कोणत्याही सरावात गाठू शकते. ज्याची पहिल्या फेरीच्या वरच्या टोकाला निवड निश्चित आहे, त्याने आणखी एक वर्ष थांबण्यात मोठे शहाणपण नाही.

तरीही गेल्या पाच वर्षांत या साऱ्या हिशेबाचा पायाच हलला आहे. पूर्वी थांबणे म्हणजे शिष्यवृत्तीवर, पण बिनपगारी खेळणे. जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे 2.05 कोटी डॉलर आहे. जर्मन लीगमधील नवख्याचे वेतन या स्पर्धेत टिकणे अवघड. म्हणूनच ‘शिक्षण की पैसा’ हा जुना पेच आज उरलेला नाही. थांबणाऱ्यालाही पैसा मिळतो.

मात्र जर्मन मुलासाठी यात एक खोच आहे, आणि ती परदेशस्थ मराठी वाचकांना निराळी समजावून सांगायला नको. तो अमेरिकेत बहुधा एफ-1 व्हिसावर असतो. या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करण्याला कडक मर्यादा आहेत आणि खेळाडूच्या नावावरील कमाई ‘काम’ ठरते का, याबाबत नियम अजून संदिग्ध आहेत. संघातील अमेरिकी सहकारी जाहिरात करून निर्धास्त पैसे घेतो. जर्मन खेळाडूला त्याच जाहिरातीआधी वकील गाठावा लागतो. चूक झाली तर व्हिसा खेळाडूचा जातो, विद्यापीठाचा नव्हे. करारावर सही करण्याआधी ही जोखीम कोण उचलणार, हे लेखी ठरवून घेतले पाहिजे.

दुसरी खोच शिक्षणाची. 2024 पासून खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो. दरवर्षी अधिक रकमेकडे धावणाऱ्याचे श्रेयांक वाटेत गळतात. एक वर्ष राहून निघालेल्याच्या हाती पदवी नसतेच. तेव्हा ‘निदान शिक्षण तरी होईल’ हे समाधान आपोआप खरे ठरत नाही. येथे जर्मनीची एक देणगी उपयोगी पडते. आबिटूर, म्हणजे येथील बारावीची परीक्षा, एकदा उत्तीर्ण झाल्यावर विद्यापीठप्रवेशाचा हक्क आयुष्यभर टिकतो. डर्क नोव्हित्स्कीचे गुरू होल्गर गेश्विंडनर यांनी त्याला आबिटूर पूर्ण करायला लावले. नंतर तो महाविद्यालयात न जाता 1998 मध्ये एनबीएत गेला. परतीचे दार उघडे ठेवूनच त्याने उडी घेतली होती.

तिसरा प्रश्न क्लबांचा. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून मुलाला घडवणारा छोटा क्लब तो अमेरिकेला गेला की बहुधा रिकाम्या हाताने उरतो. जर्मन लीगमध्ये बारा जणांच्या संघात सहा जर्मन खेळाडू असावे लागतात. पण प्रत्यक्ष मैदानावरची बरीचशी मिनिटे परदेशी खेळाडूंच्या वाट्याला येतात. बाकावर बसून राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने अमेरिकेची वाट धरली, तर त्याला दोष देता येणार नाही. क्लबांना ही पिढी टिकवायची असेल, तर देशप्रेमाच्या आवाहनापेक्षा खेळण्याची मिनिटे अधिक कामी येतील. आणि कोट्यवधी डॉलर वाटणाऱ्या विद्यापीठांनी घडणीचा मोबदला क्लबांना द्यावा, ही मागणी जर्मन संघटनेने ठामपणे मांडली पाहिजे.

थांबावे की थांबू नये, याचे उत्तर वर्षे मोजून मिळणार नाही. थांबलेल्या वर्षात खेळायला मिळेल का, पदवीकडे खरोखर वाटचाल होईल का, आणि दुखापत वा व्हिसाची अडचण आली तर भार कोण उचलेल, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर थांबणे ही गुंतवणूक आहे. नसतील, तर ज्या क्लबात मुलगा आज सामन्यात वीस मिनिटे खेळतो, तेथेच राहणे बरे.

फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिन येथील आपल्या घरांतूनही मुले शनिवारी क्लबच्या सामन्यांना जातात. त्यांतील फारच थोडी व्यावसायिक होतील. पण एखाद्या प्रशिक्षकाने उद्या पालकांना बाजूला घेऊन अमेरिकेचा विषय काढला, तर रकमेचा आकडा विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत, आणि आबिटूरचे वर्ष कोणत्याही आमिषापोटी सोडू नये.