दोनशे नॅनोमीटरच्या पलीकडे
स्टेफान हेल किशोरवयात आईवडिलांबरोबर रोमानियातून जर्मनीत आला आणि हायडेलबर्गला भौतिकशास्त्र शिकला. १८७३ सालचा भौतिकशास्त्रज्ञ आबे यांचा नियम त्याला सलत होता: प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसायचं नाही. म्हणजे पेशी दिसते, पण तिच्यातली प्रथिनं एकमेकांत मिसळतात! जर्मनीत पाठबळ मिळेना, तेव्हा त्याने फिनलंडमधलं तुर्कू गाठलं. तिथेच १९९३ मध्ये, क्वांटम प्रकाशशास्त्राचं पुस्तक चाळताना त्याला वाट दिसली. एका लेझरने रेणू उजळायचे, दुसऱ्याच्या कड्याने भोवतालचे विझवायचे. मधला इवलासा ठिपका तेवढा उरतो. १९९४ मध्ये हे गणित छापून आलं. जिवंत पेशीत ते उतरायला २००० साल उजाडलं, आणि ही सहा वर्षांची चिकाटी त्या कल्पनेइतकीच मोलाची. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हा भौतिकशास्त्रज्ञ वाटेकरी होता.