सात टक्क्यांचा भ्रम

भाषणाच्या प्रभावात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५, ही आकडेवारी वक्तृत्वाच्या शिकवणीवर्गांत हमखास ऐकवली जाते. म्हणून काय बोलायचे याची फार चिंता नको, कसे उभे राहायचे ते आधी शिका, असा सल्ला तिच्यामागोमाग येतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्या प्रयोगांच्या नावावर तो खपवला जातो त्यांतून तो निघतही नाही.

अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या त्या प्रयोगांत कोणी भाषण केलेच नव्हते. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले. एका प्रयोगात ‘कदाचित’ अशा अर्थाच्या एकाच शब्दाला चेहऱ्यांच्या छायाचित्रांची जोड दिली गेली. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. शब्द एक आणि चेहरा दुसरेच सांगत असेल, तर माणसे चेहऱ्यावर भरवसा ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. बोलणे भावनांविषयी नसेल तिथे हे समीकरण लागू नाही, असे खुद्द मेहरेबियन यांनीच स्पष्ट केले आहे. शब्दांचा वाटा खरोखर सात टक्के असता, तर अनोळखी भाषेतले व्याख्यानही पंधरा आणे समजले असते!

सादरीकरणाच्या बाजूने दिला जाणारा प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थिनिसचा दाखला याहून वजनदार वाटतो. वक्तृत्वात पहिले, दुसरे, तिसरे महत्त्व कशाला, या प्रश्नाला त्याने तिन्ही वेळा ‘सादरीकरणाला’ असे उत्तर दिल्याची कथा रोमन वक्ता सिसेरो सांगतो. पण डेमॉस्थिनिसचा आवाज विरून तेवीस शतके झाली, आणि भाषणे अजून वाचली जातात ती मजकुराच्या बळावर. ॲरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधने मानली: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांची मनःस्थिती आणि युक्तिवाद. श्रोत्यांना आधीच मान्य असलेल्या गोष्टीपासून निघून अमान्य गोष्टीपर्यंत त्यांना नेणे, हा त्या युक्तिवादाचा गाभा.

टिळकांचे बेळगावचे १ मे १९१६चे भाषण याचे उत्तम उदाहरण आहे. सरकारवर टीका म्हणजे राजद्रोह, ही समजूत त्यांना मोडायची होती. त्यांनी आधार घेतला वेदान्ताचा: निर्गुण परब्रह्म वेगळे आणि मायेमुळे दिसणारे त्याचे रूप वेगळे. तसेच अदृश्य सरकार वेगळे आणि नोकरशाही हे त्याचे दृश्य रूप वेगळे. रूप बदला म्हटल्याने मूळ तत्त्वाला बाध येत नाही. हा भेद श्रोत्यांच्या ओळखीचाच होता, वक्त्याने फक्त तो राजकारणात आणला. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून जामीन मागितला गेला, आणि जिनांच्या युक्तिवादानंतर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्तींपुढे टिळकांचे हातवारे नव्हते. होता तो मजकूर.

युक्तिवादाचे दुसरे मूलतत्त्व म्हणजे पूर्वपक्ष, म्हणजेच विरोधकाचे म्हणणे आधी मांडून मग त्याला उत्तर देणे. सरकारी तिजोरीतली शिल्लक हा भरभराटीचा पुरावा, असा १९०२च्या अर्थसंकल्पामागचा दावा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या भाषणात तो टाळला नाही. त्याच आकड्यांवरून, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो आहे, असे दाखवून दिले. मिठावरचा कर पुढच्या वर्षी मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण विरोधकाचाच पुरावा उलटवणे म्हणजे काय, ते इथे शिकता येते.

सादरीकरण बिनमहत्त्वाचे, असे यावरून ठरत नाही. शेवटच्या रांगेला ऐकू न येणारा मुद्दा मांडला काय, न मांडला काय, सारखेच. योग्य जागी घेतलेला विराम श्रोत्यांना विचाराला वेळ देतो. नजर त्यांच्याकडे असली तर कुठे समजले नाही तेही वक्त्याला कळते. पण ही सारी कामे मुद्द्याच्या सेवेतली आहेत. मुद्दाच नसेल तर उरतो तो अभिनय, आणि आंतरशालेय स्पर्धांत पाठ केलेल्या आवेशाला ढाली मिळतात त्या अशाच. परीक्षकांनी भाषण संपल्यावर वक्त्याचे म्हणणे एका वाक्यात लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर आवाज आणि हावभावांचे गुण देऊ नयेत.