लेक पॉवेलमध्ये पाणी नक्की किती? उत्तर जुन्या नकाशांत

अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतायत. सात राज्यं आणि मेक्सिको, मिळून सुमारे ४ कोटी लोक या नदीवर अवलंबून आहेत. लेक पॉवेल या मोठ्या जलाशयातून किती पाणी सोडायचं, हे बरंचसं पाण्याच्या पातळीवर ठरतं. पण पातळी कळली म्हणजे साठा कळला, असं होत नाही. त्यासाठी पाण्याखालच्या दरीचा आकार माहीत हवा.

इथे जुने नकाशे कामी येतात. कोलोरॅडो पठारातल्या ग्लेन कॅन्यनचं सर्वेक्षण युएसजीएस या सरकारी संस्थेने १९२१ मध्ये बोटीतून केलं. धरणाआधी आणखी सविस्तर नकाशे झाले. १९६३ मध्ये दरवाजे बंद झाले आणि दरी बुडाली. ती कोरडी असतानाची मापं आता पुन्हा घेता येणार नाहीत.

नकाशावरून पाणी कसं मोजतात? समोच्च रेषा म्हणजे एकाच उंचीवरचे बिंदू जोडणारी रेषा. प्रत्येक रेषेच्या आतलं क्षेत्रफळ काढायचं, त्याला दोन रेषांमधल्या उंचीने गुणायचं आणि सगळे थर एकावर एक रचायचे, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. झाला साठा!

२०१७-१८ मध्ये बोटीवरचं सोनार आणि विमानातलं लायडार वापरून जलाशय पुन्हा मोजला. १९६३ च्या तुलनेत क्षमता ६.८३ टक्के घटलेली निघाली. कारण गाळ. टक्का छोटा वाटतो, पण हे पाणी होतं जवळपास ८० टीएमसी. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे अंदाज येईल. जुनं मोजमाप नसतं, तर ही घट कशाशी ताडून पाहणार होतो?

२०२३ च्या सुरुवातीला पातळी पूर्ण भरल्या खुणेपेक्षा सुमारे १८० फूट खाली गेली होती. तळाशी जाताना दरी अरुंद होत जाते, त्यामुळे तेवढंच पाणी काढलं तरी पातळी जास्त झपाट्याने उतरते. टंचाईत साठ्याचा चुकीचा आकडा म्हणूनच महागात पडतो.

युएसजीएसने १८८४ पासूनचे १ लाख ७८ हजारांहून जास्त नकाशे स्कॅन करून टोपोव्ह्यू या साइटवर फुकट ठेवलेत. त्यांना नुसता जुना कागद समजू नका. नव्या मोजणीचा शून्य बिंदू तिथेच सापडतो.